बाबा सांगत होते, पडद्यावर ‘अयशस्वी’ आलं होतं

पत्राचा सारांश : लिहिणारे पुण्याचे, वय ४३, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळतात. वडील ७४ वर्षांचे, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. १९७३ ला नोकरीला लागले, पहिली सतरा वर्षं मुंबईत परळच्या शाखेत होते, नंतर सांगलीला. परळला असताना युनियनचे कार्यकर्ते होते आणि संगणकाविरोधातल्या निदर्शनांत घोषणा द्यायचे. आता आई-वडील दोघं पुण्याला मुलाकडे राहतात.

नववीतल्या नातीला ‘भारतात संगणक कसा आला’ असा प्रकल्प मिळाला. ती आजोबांकडे गेली. आजोबा म्हणाले, “आम्ही तर विरोध केला होता.” पत्रलेखक तिच्यासमोरच हसून म्हणाले, “ह्यांच्यामुळेच देश वीस वर्षं मागे राहिला.” त्या दिवसापासून बाबा त्या विषयावर बोलत नाहीत.

महिन्याभराने दुसरा प्रसंग घडला. बाबांनी प्लंबरच्या मोबाइल नंबरवर ६,५०० रुपये पाठवले. पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ आलं, म्हणून पुन्हा पाठवले. खात्यातून दोन्ही वेळा पैसे गेले, प्लंबरला एकदाच मिळाले. पत्रलेखक म्हणाले, “तुम्हीच दोनदा दाबलं असेल.” पहिले पैसे चौथ्या दिवशी आपोआप परत आले. तेव्हापासून बाबांनी ॲप काढून टाकलंय. दर मंगळवारी ते पासबुक घेऊन शाखेत जातात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘संगणक कोणी आणला, कोणी अडवला’ असले मेसेज फिरतात. बाबा त्यांतले काही पुढे पाठवतात आणि पत्रलेखक रात्री जागून त्यांना उत्तरं लिहितात. त्यांचा प्रश्न असा : बाबांचे गैरसमज कसे दूर करू? की या वयात सोडून द्यावं?

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते वडील-मुलाच्या नेहमीच्या वादाचं वाटलं. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, की प्रश्न तुम्ही बाबांच्या गैरसमजांबद्दल विचारलाय, पण सगळ्यात जास्त ओळी त्या साडेसहा हजारांवर लिहिल्यात. पैसे परत आले, विषय संपला, तरी तुम्ही त्याबद्दल लिहिताय. म्हणजे ते कुठेतरी बोचतंय. आधी तेच बोलू. सोसायटीचा ग्रुप आणि तिथल्या मेसेजमधले राजीव गांधी, जॉर्ज फर्नांडिस थोडा वेळ थांबू शकतात.

त्या दिवशी काय झालं हे तुम्हाला माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे आणि पत्रात तुम्ही ते लिहिलंही आहे. ॲपने विनंती पाठवली, पलीकडून ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ ‘काय झालं ते अजून कळलेलं नाही’ एवढाच होतो. पैसे गेले असतील किंवा नसतील. अशा वेळी ‘व्यवहार प्रलंबित आहे, पुन्हा पैसे पाठवू नका’ असं दिसायला हवं होतं. तिथे ‘अयशस्वी’ असं आलं. बाबांनी ते वाचलं, खरं मानलं, आणि प्लंबर दारात ताटकळत होता म्हणून पुन्हा पाठवले. आयुष्यभर बँकेत लिहिलेल्या शब्दाला जागलेल्या माणसाने आणखी काय करायला हवं होतं?

तुम्ही पुढे लिहिता, की दोन वर्षांपूर्वी तुमच्याच कंपनीच्या एका प्रॉडक्टमध्ये अगदी असाच दोष तुम्ही नोंदवला होता. ‘असं क्वचित होतं’ म्हणून तो पुढच्या रिलीजवर ढकलला गेला. तो पुढचा रिलीज अजून आलेला नाही. म्हणजे बाबांना “तुम्हीच दोनदा दाबलं असेल” असं म्हणताना तुम्हाला खरं कारण माहीत होतं. तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे, आणि ते लिहायला धीर लागतो. तुम्ही वाईट मुलगा आहात असं मला त्यावरून अजिबात वाटत नाही. मला दिसतं ते एवढंच, की घरात पाऊल टाकल्यावर तुम्ही टेस्टर राहिला नाहीत, सॉफ्टवेअरचे वकील झालात. आपल्या सगळ्यांना ही सवय लागली आहे. माणूस आणि यंत्र दोघं वेगवेगळं सांगायला लागले, की आपण आधी माणसावर संशय घेतो.

ही सवय किती महागात पडते याचं एक उदाहरण सांगते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशोबाची संगणक प्रणाली बसवली. फुजित्सू कंपनीची. गावोगावचे पोस्टमास्तर सांगायला लागले, की संध्याकाळी हिशोब जुळत नाही, पडद्यावर तूट दिसते आणि गल्ल्यात तर पैसे बरोबर आहेत. कित्येकांना मदतकेंद्रावरून उत्तर मिळालं, की ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. त्यांच्यात भारतीय वंशाची माणसंही बरीच होती. काहींनी घर गहाण टाकून तूट भरली, काही तुरुंगात गेले. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आलं. प्रणालीतच दोष होते हे लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केलं, आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. इतकी वर्षं का लागली? संगणक बरोबरच असणार, हे गृहीत धरून बाकी सगळ्यांनी विचार केला होता. इंग्लंडच्या कायद्यानेही तेच गृहीत धरलेलं होतं.

तुमच्या घरातली गोष्ट साडेसहा हजारांची, आणि ती चार दिवसांत मिटली. पण बाबांनी जे ऐकलं ते त्या पोस्टमास्तरांनी ऐकलं त्याच जातीचं होतं. शिवाय ऐकवणारा स्वतःचा मुलगा, आणि त्याच कामातला जाणकार.

आता इतिहासाकडे येते. ‘वीस वर्षं मागे राहिला’ हे तुमचं वाक्य मी कागदावर वेगळं लिहून काढलं. ते पुरेसं खरं नाही, असं मला सांगायचं आहे. आणि बाबांचं बोलणंही पूर्ण खरं नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

संगणकाची धास्ती बाबांच्या शाखेत सुरू झालेली नाही. साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कार्यालयात संगणक बसवू दिला नव्हता. प्रश्न इतका तापला, की केंद्र सरकारने स्वयंचलनावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला १९७२ ला. भारतातल्या गरिबीचा हिशोब मांडणारे हेच ते अर्थतज्ज्ञ. म्हणजे ‘हाताला काम नसलेल्या देशात हातांचं काम करणारं यंत्र कधी आणि कोणत्या अटींवर आणायचं’ हा प्रश्न त्या काळी फक्त घोषणा देणाऱ्यांचा नव्हता. अत्यंत विचारी माणसंही तो गांभीर्याने घेत होती.

आणि परळ! तुम्ही ‘परळची शाखा’ असं एका शब्दात उरकलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा बाबा एकतीस वर्षांचे होते आणि गिरणगावाच्या मधोमध काउंटरवर बसत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला, आणि हजारो माणसांना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. संपाचा संगणकाशी काही संबंध नव्हता. मागणी पगाराची होती, बोनसची होती, आणि आमची युनियन कोणती हे आम्ही ठरवू या हक्काची होती. पण त्या शाखेत कोणाची बचत खाती होती? पगाराच्या दिवशी टोकन घेऊन कोण उभं राहायचं? ती खाती महिन्यामहिन्याला कशी आटत गेली, हे लेजरच्या, म्हणजे खातेवहीच्या, पानावर स्वतःच्या हाताने उतरवणारी माणसं कोण होती? मी बाबांना ओळखत नाही, त्यांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. तुम्ही विचारू शकता. एवढं मात्र खरं, की आजूबाजूला चाळीच्या चाळी बेकार होत असताना ‘यंत्र आलं तरी तुमची नोकरी जाणार नाही’ या आश्वासनावर डोळे मिटून विश्वास ठेवणं त्या वयाच्या, नुकताच संसार मांडलेल्या माणसाला सोपं गेलं नसेल.

पुढची तारीख बघा. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रं आणि संगणक आणण्याबद्दल करार झाला. मर्यादित संख्येने, अटींसह, पण झाला. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. राजीव गांधी सरकारचं बहुचर्चित संगणक धोरण आलं नोव्हेंबर १९८४ मध्ये. म्हणजे बाबांच्या युनियनने त्याच्या चौदा महिने आधीच सही केली होती. ‘कर्मचारी अडून बसले आणि एका नेत्याने येऊन देश पुढे नेला’ असं सांगणाऱ्या मेसेजमध्ये ही तारीख बसत नाही. ‘कर्मचारी शेवटपर्यंत झुंजले’ असं सांगणाऱ्यातही बसत नाही. शाखाशाखांमधली कुरकुर त्यानंतरही चालू राहिली आणि १९८७ व १९९३ ला आणखी करार करावे लागले, हेही त्याच गोष्टीत येतं. भांडत भांडत, अटी घालत, सह्या करत संगणक आत आला.

बाकी उशीर कशाकशाने झाला त्याची यादी मोठी आहे : परकीय चलनाची चणचण, आयातीवरचे जबर कर, परवाने. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला, कारण परकीय चलन कायद्याप्रमाणे भारतीय कंपनीतला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायला ती तयार नव्हती. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. ग्रुपवर एकजण याला स्वाभिमान म्हणतो आणि दुसरा घोडचूक. पण आयबीएमची यंत्रं सांभाळायचं काम ज्या सीएमसी या सरकारी कंपनीने घेतलं, तिनेच पुढे रेल्वेच्या आरक्षणाची संगणक प्रणाली उभी केली, हे दोघांच्याही मेसेजमध्ये नसतं. इतका गुंता तुम्ही एकट्या बाबांच्या खांद्यावर टाकलात, आणि तेही त्यांच्या नातीसमोर.

आता बाबांची बाजू मी का पूर्ण मान्य करत नाही ते सांगते.

१९८६ मध्ये दिल्लीत संगणकावर रेल्वेचं आरक्षण सुरू झालं आणि मग ते एकेका शहरात पसरलं. त्याआधी माझे वडील पहाटे चार वाजता पुणे स्टेशनवर रांग लावायचे. थर्मासमधला चहा आणि खाली अंथरायला वर्तमानपत्र घेऊन जायचे. एका गाडीची खिडकी वेगळी, दुसरीची वेगळी. आपला नंबर येईपर्यंत जागा संपलेल्या असायच्या, पण वशिला असलेल्याला त्या मिळायच्या. संगणकाने ते बंद केलं. रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसाच्या बाजूने तो उभा राहिला. बँकेतही ग्राहकाला परगावी पैसे पाठवायला ड्राफ्ट काढून दिवसेंदिवस वाट बघावी लागायची, आणि त्या वाट बघणाऱ्याला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची नव्हती. पदवी घेऊन नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या बाहेरच्या तरुणालाही नव्हती. युनियनने आतल्यांचं रक्षण केलं, ते तिचं कामच होतं. पण बाहेरच्यांचं काय, हा प्रश्न बाबांना विचारायला हवा. माणसं कमी होतील ही त्यांची भीती उशिरा का होईना खरीही ठरली : २००० च्या सुमारास सरकारी बँकांमधून एक लाखाच्या आसपास कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. आणि तोपर्यंत त्याच संगणकाने देशात दुसरीकडे किती घरं उभी केली, त्यातलंच एक तुमचं. दोन्ही गोष्टी एका प्रकल्पाच्या वहीत शेजारीशेजारी बसू शकतात.

बाबांच्या कामाबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण तुमचं आणि त्यांचं काम किती जवळचं आहे हे तुम्हाला दिसलं नसावं. लेजर हाताने लिहायची त्या काळात एकजण नोंद करायचा, दुसरा ती तपासून टिक मारायचा आणि अधिकारी सही करायचा. तुमच्या बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘मेकर-चेकर’ म्हणतात ते त्याच लेजरमधून आलंय. सहामाही क्लोजिंगला, म्हणजे सहा महिन्यांचा हिशोब बंद करताना, बॅलन्सिंग जुळलं नाही तर रात्रीचे अकरा वाजोत, कोणी घरी जात नसे. चार आण्यांचा फरकही ‘क्वचित होतं’ म्हणून पुढच्या सहामाहीवर ढकलता येत नसे. फरक शोधण्याच्या युक्त्या असायच्या. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी. ९३ च्या जागी ३९ लिहिलं, तर फरक ५४. बाबांना विचारा, त्यांना ही युक्ती झोपेतही आठवेल. दोष आहे हे मान्य करायचं, तो कुठे आहे ते शोधायचं आणि सापडेपर्यंत उठायचं नाही, या शिस्तीत ते वाढले. ‘अयशस्वी’ लिहून पैसे कापणारं सॉफ्टवेअर बाहेर सोडलं कसं जातं, हे त्यांना कळत नाही याचं तुम्हाला नवल वाटतं. मला नाही वाटत.

म्हणून ‘गैरसमज कसे दूर करू’ या प्रश्नातला ‘गैरसमज’ हा शब्दच मला खटकतो. ॲपवर त्यांचा विश्वास उरला नाही, तो अनुभवामुळे. दर मंगळवारी पासबुक छापून आणणं हा तुम्हाला हट्ट वाटतो. त्यात त्यांच्याकडे आपल्या व्यवहारांची कागदावरची एक वेगळी प्रत राहते, आणि ती यंत्रणा बंद पडली तरी वाचता येते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोलमडली, तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून द्यावे लागले. त्यांना पासबुक ठेवू द्या. मंगळवारची फेरी हा त्यांचा चार माणसांत बसण्याचा वेळही असेल.

ॲप पुन्हा वापरायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. वापरायचं ठरवलं तर काही गोष्टी तुम्ही करून देऊ शकता, आणि हे मी ज्यांच्या घरी सत्तरीपुढचं माणूस मोबाइलवरून पैसे पाठवतं अशा सगळ्यांसाठी लिहितेय. त्यांचं पेन्शनचं खातं आणि यूपीआयचं खातं वेगळं ठेवा. यूपीआयच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असू द्या. मग चूक कोणाचीही झाली तरी झोप उडत नाही. बँकेचे एसएमएस चालू आहेत ना, आणि अक्षर वाचता येईल एवढं मोठं केलंय ना, ते बघा. ‘अयशस्वी’ किंवा ‘प्रलंबित’ दिसलं, की पहिल्यांदा पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, मग खात्यातली शिल्लक बघायची, समोरच्याला मिळाले का विचारायचं, आणि तोवर पुन्हा पाठवायचे नाहीत. दारातल्या माणसाला “दहा मिनिटं थांबा” किंवा “उद्या देते” म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही. फारच घाई असेल तर रोख द्यावे.

पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे. यूपीआयवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेल्या पैशांच्या बाबतीत, व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता बँकेने जमा करायची. दुकानदाराला पैसे देताना असं झालं तर मुदत पाच दिवसांची. तुमच्या बाबांचे पैसे चौथ्या दिवशी आले. म्हणजे दोन दिवस उशीर, दोनशे रुपये. ते जमा झालेत का बघा. नसतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि पैसे फसवणुकीने गेले असतील तर तो मामला वेगळा, तिथे क्षणभरही थांबू नका : आधी बँकेला कळवा, मग १९३० वर फोन करा. तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवलं का, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

ही तक्रार बाबांना स्वतः लिहू द्या. रक्कम दोनशेच असली तरी लिहू द्या. त्यांच्या हातचा मसुदा तुमच्यापेक्षा चांगला होईल अशी माझी खात्री आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री एक वाजता उत्तरं लिहिणं तेवढं थांबवा. तिथे ‘संगणक कोणी आणला’ याचं एका नावाचं उत्तर हवं असतं, आणि तसं ते नाही. देशातला पहिला संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ च्या सुमारास आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपला स्वतःचा, टिफ्रॅक, मुंबईत बांधला, तो १९६० मध्ये सुरू झाला. टीसीएस १९६८ ची, सीडॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ मध्ये तुमच्या पुण्यात सुरू झाली आणि तिचा परम ८००० हा महासंगणक १९९१ चा. यात नेहरूंच्या काळातले शास्त्रज्ञ आहेत, इंदिरा गांधींच्या काळातलं इलेक्ट्रॉनिक्स खातं आहे, जनता सरकार आहे, राजीव गांधी आहेत, सीएमसीचे अभियंते आहेत, आणि सही करणारे युनियनवालेही आहेत. एका मेसेजमध्ये हे मावणार नाही. नववीतल्या मुलीच्या प्रकल्पात मावेल.

तो प्रकल्प शाळेत दिला गेला असेल तरी पुन्हा काढा. मुलीला वही आणि मोबाइलचा रेकॉर्डर घेऊन आजोबांसमोर बसू द्या. वर्तमानपत्रातल्या तारखा कोणालाही मिळतील, परळच्या काउंटरमागून ते दिवस कसे दिसले हे तिला दुसरीकडे कुठे मिळणार? तिने विचारावं : संपाच्या वर्षी शाखेत गर्दी कशी असायची? घोषणा काय होत्या? करार झाला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माणसं काय बोलत होती? पहिलं यंत्र शाखेत आलं तेव्हा त्याला पहिल्यांदा हात कोणी लावला? आणि आज मागे वळून बघताना, कोणती गोष्ट तुम्ही वेगळी केली असती? हा शेवटचा प्रश्न तिने विचारला तर त्याचं उत्तर मिळेल. तुम्ही विचारलात तर भांडण होईल. तुम्ही शेजारी बसा, चहा द्या, आणि “पण बाबा” हे दोन शब्द तेवढा वेळ बाजूला ठेवा.

ऑफिसमध्ये तो दोन वर्षांपूर्वीचा दोष पुन्हा उघडा. या वेळी त्याच्या वर्णनात ‘टाइमआउटनंतर चुकीचा संदेश दिसतो’ एवढंच लिहून थांबू नका. ७४ वर्षांचा वापरकर्ता, दारात उभा असलेला प्लंबर, दोनदा गेलेले पैसे आणि चार दिवसांची तगमग, हे सगळं लिहा. तुमच्या वरिष्ठांच्याही घरी बाबा असतील.

आणि आज संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना सांगा, “बाबा, पडद्यावर ‘अयशस्वी’च आलं होतं. चूक तुमची नव्हती, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं.” एवढंच. मात्र हे सांगताना मुलगी तिथे असू द्या, कारण ‘वीस वर्षं मागे राहिला’ हे वाक्यही तिने ऐकलं होतं.